खाडे वजा करून

डबा करण्यापेक्षा डब्याचे पैसे मागणं अवघड, हे दमयंतीबाईंना धंद्याच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं आणि पुढची अकरा वर्षं त्या ते दर महिन्याला नव्याने शिकत होत्या. नवीन पनवेलमधल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरातून रोज अठ्ठावन्न डबे जायचे. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि शनिवारी काहीतरी गोड. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. अकरा वर्षांत पोळी कडक असल्याच्या दोन तक्रारी आल्या, त्यातली एक नुकतीच कवळी बसवलेल्या गृहस्थांची होती. पण एक तारीख उजाडली की या सुगरणीची पार भिकारीण व्हायची.

डब्याचे नव्वद, महिन्याचे सत्तावीसशे. इथपर्यंतचा हिशोब चौथीतल्या पोरालाही जमेल. गोची होती ती खाड्यांची. डबा नको असेल तर आदल्या दिवशी कळवायचं, तो दिवस खाडा, त्याचे पैसे वजा. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला असतो तसाच हा नियम दमयंतीबाईंनी स्वतःच घातला होता, आणि गिऱ्हाइकांनी तो असा काही उचलून धरला की मतदानाचा हक्कही कुणी इतक्या निष्ठेने बजावत नसेल. लोक कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवायचे. विमानतळाच्या कामावर असलेले तीन इंजिनीअर एका फ्लॅटमध्ये राहत. घरातला साबण संपलेला त्यांना चार दिवस कळायचा नाही, पण खाड्यांची यादी फ्रिजवर तारीखवार चिकटवलेली. चौथ्या मजल्यावरचे उदयसिंह, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला अगदी गोड माणूस. ते एकदा म्हणाले, "काकू, त्या एकादशीला मी भाताला हात लावला नव्हता. त्याचा अर्धा खाडा धरा."

अर्धा खाडा! ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा. दमयंतीबाई काय म्हणाल्या? "बरं, धरते." आणि एक पैसाही हातात पडलेला नसताना वर आणखी, "काही घाई नाही हो, सावकाश द्या." हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं. पैशाचं बोलणं आलं की चांगल्या घरच्या बाईने ते पटकन झाकून टाकायचं असतं, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं. लोकही त्यांचा शब्द मोडत नसत. अगदी सावकाश द्यायचे. एक तारखेला सुरू झालेली वसुली सात तारखेपर्यंत चाले. जिने चढा, घंटी वाजवा, 'साहेब आंघोळीला गेलेत' ऐका, खाड्यांवरून हुज्जत घाला आणि उद्या परत या.

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण रुचिराला दुसऱ्यांदा दिवस गेले.

रुचिरा त्यांची एकुलती एक लेक, दिलेली कराडला. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, म्हणून माहेरी न येता ती तिथेच बाळंत झाली, महिन्याच्या तीन तारखेला. दमयंतीबाई पोचल्या आठ तारखेला, डिंकाचे लाडू घेऊन. मधले पाच दिवस त्या नवीन पनवेलचे जिने चढत होत्या. त्या पाच दिवसांत रुचिराला टाके दुखत होते, ताप होता, दूध उतरत नव्हतं, आणि ती फोनवर रडत होती. "सगळ्यांचंच होतं गं असं," दमयंतीबाईंनी फोनवर सांगितलं होतं, एका हाताने कुणाच्या तरी दाराची घंटी दाबत. रुचिरा "ठीक आहे, आई" म्हणाली आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. ते न बोलणं दमयंतीबाईंना तीन वर्षं टोचत होतं. आता चार महिन्यांनी सिझेरियन करायचं होतं आणि तारीख ठरली होती चार. "मी दोन तारखेला येते," त्यांनी लेकीला सांगितलं. "काय वाट्टेल ते होवो, दोनला मी तुझ्या दारात."

म्हणजे मधल्या चार महिन्यांत पैसे आपसूक येतील अशी सोय करायला हवी होती.

ही सोय निवडायचं काम अविनाशरावांनी अंगावर घेतलं. दमयंतीबाईंचे यजमान पाटबंधारे खात्यात पावसाच्या आणि पाण्याच्या नोंदी ठेवता ठेवता निवृत्त झाले होते. रकाने आखलेली वही दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येई. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि वसुलीच्या सगळ्या पद्धतींचा 'तुलनात्मक अभ्यास' सुरू केला. दमयंतीबाई म्हणाल्या, "अभ्यास नको, पैसे हवेत." पण अभ्यास झालाच.

पहिल्यांदा प्रत्येक डब्यावर क्यूआर कोडचं स्टिकर लावलं. पैसे आले, पण कुणाचे आले ते कळेना. कुणी बायकोच्या फोनवरून भरले, कुणी मेव्हण्याच्या. एकाने तेवीसशे चाळीस पाठवले आणि खाली नुसता अंगठा. शिवाय आठवड्याभरात ते स्टिकर घासणीने निघून गेलं. दुसऱ्या महिन्यात कुपनं आली, तीस कुपनांचं पुस्तक आगाऊ घ्यायचं आणि रोज एक रिकाम्या डब्यात टाकून परत करायचं. कुपनं आमटीत भिजून परत यायची. ती अविनाशराव दोरीवर वाळत घालायचे आणि वाळली की मोजायचे. हे दृश्य दमयंतीबाईंनी बारा दिवस पाहिलं. तेराव्या दिवशी त्यांनी दोरी सोडली.

तिसऱ्या महिन्यात सत्यजीत आला. 'मासिकमित्र' नावाच्या कंपनीचा, गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. तो ओट्याशेजारच्या स्टुलावर बसला आणि त्याने ऑटोपे समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाने एकदाच फोनवर मंजुरी द्यायची, की दर एक तारखेला पैसे त्याच्या खात्यातून आपोआप आपल्या खात्यात. "तुम्हाला काही करायचंच नाहीये, मॅडम."

"आणि खाडे?"

"खाडे म्हणजे?"

दमयंतीबाईंनी सांगितलं. सत्यजीतने दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, जिमला तुम्ही गेला नाहीत तरी जिमवाला पैसे घेतो. तसं ठेवा ना सरळ."

"इथे तसं चालत नाही."

"मग कमाल मर्यादा तीन हजार ठेवू. तुम्ही दर महिन्याला खाडे वजा करून आकड्यांचा तक्ता टाकायचा. तेवढेच कापले जातील."

पोळ्या लाटता लाटता भामा हे सगळं ऐकत होती. भामा जवळच्या विचुंबे गावची, पहिल्या दिवसापासून दमयंतीबाईंच्या हाताखाली. सत्यजीत गेल्यावर ती म्हणाली, "बाई, एक सांगू? तुमी आगोदर पैशे घ्या. खाडा नाय, बिडा नाय. ज्याला परवडंल तो घेल."

"असं तोंडावर कसं सांगायचं गं? लोक तुटतील."

"कुठं जातील? त्यांना चहा सुदा करता येत नाय. तुमीच सांगता सावकाश द्या. मंग ते कशाला धावत येतील?"

दमयंतीबाईंना राग आला, कारण बोलणं खरं होतं. त्या म्हणाल्या, "तू पोळ्या बघ."

मंजुऱ्या घेताना तर त्यांच्या नाकी नऊ आले. उदयसिंह म्हणाले, "मी सत्तावीसशेचा माणूस, तीन हजारांची मर्यादा का लिहून देऊ? वरच्या तीनशेचं काय करणार तुम्ही?" काहीच नाही हो, ती नुसती मर्यादा आहे, हे त्यांना पटायला चार फेऱ्या लागल्या. एका बाईंचा पिन नवऱ्याला माहीत आणि नवरा दुबईला. एक शिक्षक मंजुरी देऊन मोकळे झाले आणि घाबरून बँकेत जाऊन ती रद्द करून आले, मग दमयंतीबाईंना सांगितलं, "काकू, तुमच्या नावाने कुणीतरी फ्रॉड करतंय, वेळीच लक्षात आलं म्हणून बरं." तरीही अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस जण गळाला लागले. उरलेल्या सतरांची वसुली अविनाशरावांनी करायची, स्वयंपाक भामा सांभाळेल आणि दमयंतीबाई दोन तारखेच्या सकाळी कराडच्या गाडीत बसतील, असं ठरलं. तिकीट काढलं. अळीव, खारीक, सुंठ असं सगळं बांधून झालं.

तीस तारखेला अविनाशरावांनी तक्ता टाकला. तीनदा तपासला, चष्मा पुसून पुसून.

एक तारखेच्या दुपारी बारा वाजता दमयंतीबाईंनी फोनवर खातं उघडलं. एकेचाळीस जणांकडून मिळून शहाण्णव रुपये जमा झाले होते.

त्यांना आधी वाटलं, शहाण्णव हजार. मग त्यांनी शून्यं शोधली. शून्यं नव्हती. कुणाचे तीन रुपये, कुणाचे दोन, कुणाचा एक. उदयसिंहांचे चार.

"अहो!" अशी हाक त्या घरात बऱ्याच वर्षांत निघाली नव्हती.

अविनाशराव वही घेऊन आले. कंपनीच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं, शेवटच्या रकान्यात कापायची रक्कम लिहा. अविनाशरावांच्या तक्त्यात रक्कम होती शेवटून दुसऱ्या रकान्यात. शेवटच्या रकान्यात होते खाडे. "शेरा नेहमी शेवटीच असतो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "नोकरीभर मी शेरा शेवटी लिहिलाय, दमयंती." ज्याचे जितके खाडे, त्याचे तितके रुपये कापले गेले होते. ज्याने एकही दिवस चुकवला नव्हता, त्याला डबा महिनाभर फुकट.

सत्यजीतला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, एकदा हसूही गिळलं असावं, कारण मध्ये तो थांबला. मग म्हणाला, "तुमच्या प्लॅनमध्ये महिन्यातून एकदाच कापता येतं, मॅडम. ते आज झालं. आता पुढच्या एक तारखेला."

"पण लोकांना आधी कळत नाही का, किती कापणार ते?"

"कळतं ना. काल सकाळीच सगळ्यांना मेसेज गेलाय. उद्या तुमचे तीन रुपये कापले जातील, असा."

दमयंतीबाईंनी फोन ठेवला. म्हणजे एकेचाळीस जणांनी काल ते वाचलं होतं. नव्वद रुपयांच्या खाड्यासाठी रात्री साडेदहाला फोन करणारे एकेचाळीस जण! आणि एकाने, एकानेही विचारलं नव्हतं की काकू, हे तीन रुपये कसले?

"तू असं कर," अविनाशराव हळूच म्हणाले, "गाडी दोन दिवस पुढे ढकल. आपण दोघं फिरू. वाण्याला पाच तारखेला द्यायचेत, गॅसवाल्याला द्यायचेत. चारला पहाटे निघालीस तरी दुपारपर्यंत पोचशील. ऑपरेशन काय, डॉक्टर करणार आहेत."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि हीच चीड आणणारी गोष्ट होती. दमयंतीबाईंनी चपला पायात सरकवल्या. दोन दिवसच तर, असं म्हणत त्या शेजारच्या इमारतीतल्या इंजिनीअरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्यासुद्धा.

दार त्यांच्यातल्या निनादने उघडलं. सुट्टीवर होता, केस विंचरलेले नव्हते. "या ना काकू! तुमचे तीन रुपये कापले गेले बघा काल... नाही, आज. आम्हाला वाटलं, कसली तरी ऑफर असेल."

"डब्याची ऑफर? एक्याऐंशी डब्यांचे तिघांत मिळून नऊ रुपये?"

"हो ना, आम्हीपण तेच म्हणत होतो, भारी ऑफर आहे."

"मग एक फोन नाही करायचा, बाबा?"

निनादने मान खाजवली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. दमयंतीबाईंच्या तोंडात ते नेहमीचं वाक्य तयार झालं होतंच, काही घाई नाही, सावकाश, असं. तेवढ्यात तो फ्रिजकडे बघत म्हणाला, "पण काकू, माझा सव्वीस तारखेचा खाडा धरलाय ना? आमच्या यादीत आहे, तुमच्या वहीत राहून जायला नको."

दमयंतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फ्रिजवरच्या यादीकडे पाहिलं. आणि त्या जिना उतरल्या.

घरी येऊन त्यांनी बॅग ओट्याजवळ आणून ठेवली. "मी उद्या जाणार," त्या म्हणाल्या. "पैसे येवोत, न येवोत. वाण्याला सांगा, बाई बाळंतपणाला गेली."

अविनाशराव काहीतरी बोलणार होते, पण भामाने लाटणं खाली ठेवलं. "तुमी जा, बाई. आमी हाय ना इथं. येकदा पोर अडली का मंग काय पैशे चाटायचेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर गाडी पाऊण तास उशिरा होती. बाकड्यावर बसून दमयंतीबाईंनी गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. त्यात वरती कुणीतरी फुलांचं चित्र टाकून शुभ सकाळ केलं होतं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्यांनी एका दमात लिहिलं: 'मागच्या महिन्याचे पैसे आज संध्याकाळी सातपर्यंत भरावेत. या महिन्यापासून खाडा बंद. महिन्याचे पैसे आगाऊ. ज्यांना जमणार नाही त्यांचा डबा उद्यापासून जाणार नाही. दमयंती.' खाली हात जोडलेलं चित्र टाकायची त्यांना सवय होती. ते टाकलं आणि पाठवण्याआधी खोडलं.

गाडी खोपोलीच्या पुढे चढणीला लागली आणि फोन वाजायला लागला. पहिले पैसे आले उदयसिंहांचे, मागच्या महिन्याचे पुरते सत्तावीसशे, एकही खाडा न कापता. खाली लिहिलं होतं, 'बरं झालं काकू. त्या फुल्या मारून मारून मलाही वीट आला होता.' पुण्यापर्यंत एकोणीस जणांचे आले. साताऱ्याला चौतीस. कुणी भांडलं नाही, कुणी डबा सोडला नाही, शिक्षकांनी तर दोन महिन्यांचे आगाऊ भरले. दमयंतीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्यांना आनंद होत होता आणि त्याहून जास्त संताप येत होता. स्टिकर, कुपनं, दोरी, तक्ते, चार महिन्यांची डोकेफोड आणि अकरा वर्षांचे जिने! एवढं सरळ होतं तर मग मी काय करत होते? हे सगळं रुचिराला सांगायचं, त्यांनी ठरवलं. शहाण्णव रुपयांचं ऐकून ती पोट धरून हसेल, मग डॉक्टर आपल्यालाच ओरडतील. साताऱ्यापासून कराडपर्यंत त्यांनी ते मनात तीनदा सांगून पाहिलं.

पाचच्या सुमारास त्या पोचल्या. दार एका अनोळखी बाईने उघडलं. तिच्या कडेवर रुचिराची तीन वर्षांची आभा होती आणि पदराला हळदीचे हात पुसलेले.

"मी वेणू," ती म्हणाली. "बाळंतपणाच्या कामाला हाय. या की आत."

आतल्या खोलीत रुचिरा पाय उशीवर ठेवून पडली होती. आईला पाहून ती कोपरावर उठली. तिला आनंद झाला होता, अगदी खराखुरा. "आई! तू आज कशी? आज दोनच तारीख आहे ना?"

"अगं, दोनला येते म्हणाले होते की नाही मी?"

"म्हणाली होतीस गं." रुचिरा हसली. "पण मी तुला दहानंतरच धरलं होतं. म्हणून वेणूताईंना दहापर्यंत ठरवलंय, पैसे पण देऊन टाकलेत." मग काळजीने, जसं आपण कुणाच्या दुखण्याची चौकशी करतो तसं, तिने विचारलं, "वसुली झाली का सगळी?"

साताऱ्यापासून घोळवत आणलेलं ते सगळं आता सांगण्यासारखं उरलं नाही. रुचिराने टोमणा मारला असता तर त्यांनी उत्तर दिलं असतं. ती रुसली असती तर त्यांनी समजूत घातली असती. पण ती रुसली नव्हती. आपली आई येणार नाही हे तिने केव्हाच हिशोबात धरलं होतं आणि न चिडता पुढची व्यवस्था लावली होती, घरात एक माणूस जेवायला नाही म्हणून मूठभर तांदूळ कमी टाकावेत तशी. दमयंतीबाईंना लाज वाटली. इतकी, की लेकीच्या डोळ्यांकडे बघवेना.

"होईल," त्या एवढंच म्हणाल्या. पिशवीत फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो बाहेर काढला आणि न बघता बंद करून टाकला.

हातपाय धुऊन त्या परत आल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. रुचिराचे पाय सुजून टम्म झाले होते. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली मागून घेतली, तिचा एक पाय मांडीवर घेतला आणि तळहातावर तेल ओतलं.

रुचिराने पाय मागे घ्यायला पाहिलं. "राहू दे आई, प्रवासातून आलीयेस. वेणूताई करतात रोज."

"वेणूताई उद्या करतील," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय सोडला नाही.